सागरातील सोबती

परमेश्वराने पाचव्या दिवशी जलाशय जीवजंतूंनी गजबजून टाकले, असे आपण उत्पत्तीच्या ग्रंथात वाचतो. मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे, हाच समुद्राचा नियम आपण समजत असतो. तो नियम आहे खरा. परंतु तो एकमेव नव्हे.

उष्ण समुद्राच्या उथळ वाळूत एक लहानशी कोळंबी बीळ करून राहते. नांगी मिटताना ती बार काढल्यासारखा आवाज करते, म्हणून तिला 'पिस्टल श्रिम्प' म्हणतात. बीळ खणण्यात ती तरबेज, पण तिची दृष्टी फार अधू. तिच्याच बिळात 'गोबी' नावाचा मासा राहतो. त्याची नजर तीक्ष्ण, परंतु उघड्या वाळूवर त्याला हक्काचा आसरा नाही. कोळंबी दिवसभर वाळू बाहेर लोटते आणि मासा दाराशी पहारा देतो. बाहेर येताना ती आपली लांब मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसताच मासा शेपटी हलवून इशारा देतो आणि दोघेही बिळात शिरतात. एकाचे घर, दुसऱ्याचे डोळे!

याहून जवळचे नाते प्रवाळाचे आहे. प्रवाळ हा दगड नसून जीव आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वास करते. सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा ते प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला निवारा व पोषक द्रव्ये पुरवतो. या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या प्रवाळभिंती सागरतळाचा एक टक्काही भाग व्यापत नाहीत, तरी सुमारे पाव सागरी प्रजातींचा त्या आधार आहेत.

मात्र हे नाते तुटू शकते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी अंशभर अधिक तापले व काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी वेळेत निवळले नाही, तर उपासमारीने मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० व २०१६ साली हे घडले. समुद्र तापण्यास आपण जाळत असलेले इंधन मुख्यतः कारणीभूत आहे.

कोणताही जीव स्वयंपूर्ण नाही. सर्वांनी परस्परांवर अवलंबून राहावे, ही परमेश्वराचीच इच्छा आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद ३४०) सांगतो. संत पौलही करिंथकरांना एका शरीराच्या अनेक अवयवांचा दाखला देतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रवाळांच्या ऱ्हासाबद्दल दुःख व्यक्त केले आहे.

कोळंबीला आपल्या अधूपणाची लाज वाटत नाही आणि मासा आपल्या नजरेचा तोरा मिरवत नाही. आपल्या धर्मग्रामातही कोणाला डोळ्यांची गरज आहे, कोणाला आसऱ्याची. आपण कोणाचे सोबती होणार? आणि निर्मात्याने समुद्रात जुळवलेली नाती आपल्या हव्यासाने तुटत असतील, तर त्याला काय उत्तर देणार?