दोष कचोरीचा की शेवेच्या डब्याचा?

इंदुरात रविवारी सकाळी "आज नाश्त्याला काय?" असं कोणी विचारत नाही. "कुठे जायचं?" एवढंच विचारतात. काय खायचं ते ठरलेलंच असतं. वाफेवर ठेवलेले पोहे, वर जिरावन, कांदा, लिंबू आणि मूठभर शेव, बाजूला गरम जिलबी, आणि "आता आलोच आहोत तर" म्हणून एक कचोरी. छप्पन दुकान असो, सराफ्याची गल्ली असो की आपल्या कॉलनीच्या नाक्यावरची गाडी असो, रविवारी साडेआठ-नऊला सगळीकडे सारखीच गर्दी असते.

गेल्या काही वर्षांत मात्र या गर्दीत आणखी एक गोष्ट येऊन उभी राहिली आहे, ती म्हणजे आपला रिपोर्ट. पूर्वी पन्नाशीनंतर निघणारा कोलेस्टेरॉलचा विषय आता तिशीतच निघतो. आमच्या घरातही दोन पक्ष आहेत. "एका कचोरीने काय होतंय" म्हणणारा एक, आणि मोबाइलमध्ये कॅलरी मोजून "आई, ही एक कचोरी म्हणजे माझी अर्ध्या तासाची धाव" असं सांगणारा दुसरा. दुसऱ्या पक्षाचं वय सोळा आहे, त्यामुळे त्याचा आवाज मोठा!

जुलै २०२५ मध्ये सामोसा आणि जिलबीवर सरकार सिगारेटसारखी सूचना छापणार अशी बातमी पसरली, तेव्हा आमच्याकडे या विषयावर अधिवेशनच भरलं. नंतर सरकारने खुलासा केला की फेरीवाल्यांच्या पदार्थांवर अशी कुठलीही सूचना नाही. कार्यालयांमध्ये रोजच्या खाण्यातल्या लपलेल्या तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावावेत, एवढंच सुचवलं होतं. आमचं अधिवेशन संपलं, पण प्रश्न उरला. आपण नक्की किती तेल खातो, आणि त्यात रविवारच्या नाश्त्याचा वाटा किती?

हा नाश्ता आला कुठून?

पोहे माळव्यात मराठी मंडळींबरोबर आले असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, दक्षिणेतून आलेली घरं इथेच रुजली, आणि त्यांच्या स्वयंपाकाला माळव्याची चव लागली. कांदेपोह्यांत बडीशेप आली, वर शेव आली, जिरावन आलं. उसळ-पोहे हा तर दोन्हीकडचा उघड समेटच आहे.

तळणाची गोष्ट वेगळी आहे. इंदूर हे गिरण्यांचं गाव होतं. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांच्या पाळ्या सुटायच्या तेव्हा बाहेर पडणाऱ्या माणसाने आठ तास उभं राहून काम केलेलं असायचं, आणि घरीही तो पायी किंवा सायकलने जायचा. चार पैशांत पोट भरेल, दुपारपर्यंत टिकेल, असं खाणं त्याला हवं होतं. मुगाच्या डाळीची कचोरी त्या कामाला चोख होती. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. गिरण्या गेल्या, कचोरी राहिली, आणि ती खाणारे आपण आता दिवसभर खुर्चीत असतो. कचोरीची कृती जवळपास तीच आहे. बदललो ते आपण.

स्वयंपाकघरातला प्रयोग

वादाला काही आधार हवा म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी आणि लेकीने कचोऱ्या घरीच केल्या आणि वजनकाटा ओट्यावर ठेवला. पाव किलो मैद्याला ६० ग्रॅम तेलाचं मोहन घातलं. त्यात १२ कचोऱ्या झाल्या. तळण्याआधी कढईतलं तेल मोजलं आणि सगळं निवल्यावर पुन्हा मोजलं. ११० ग्रॅमच्या आसपास कमी झालं होतं. झाऱ्याला, कागदाला लागलं ते थोडं सोडलं तरी मोहन धरून एका कचोरीत साधारण १४ ग्रॅम तेल, म्हणजे जवळजवळ तीन चहाचे चमचे.

आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला पाहा. एका माणसाने दिवसभरात वरून घालायचं तेल-तूप सगळं मिळून २० ते ३० ग्रॅम असावं. म्हणजे दोन कचोऱ्या खाल्ल्या की दिवसाचा कोटा सकाळी नऊलाच संपला. पुढची भाजी, आमटीची फोडणी, पोळीवरचं तूप हे सगळं उधारीवर. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, त्यामुळे एका कचोरीतल्या नुसत्या तेलाच्याच सव्वाशेच्या वर होतात.

या प्रयोगात एक गोष्ट आणखी कळली. पहिला घाणा आम्ही घाईत, तेल पुरतं तापायच्या आधी सोडला, आणि त्या कचोऱ्या हाताला तेलकट लागल्या. पदार्थ तेलात पडला की त्याच्या आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं. ते बुडबुडे तेच. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. पदार्थ बाहेर काढल्यावर, निवताना, पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून कढईतून काढल्या काढल्या नीट निथळणं महत्त्वाचं. कचोरी मंद आचेवर तळतात हे खरं, पण मंद म्हणजे थंड तेल नव्हे, हे जुने हलवाई उगाच सांगत नाहीत.

पोहे हलके, पण शेवेचं काय?

इंदुरी पोहे मुळात सालस आहेत. भिजवलेले पोहे, बेताची फोडणी, आणि खाली उकळत्या पाण्याची वाफ. त्यात तेल कमीच लागतं. पण "भिया, शेव जरा जास्त" हे शब्द आपण उच्चारले की हिशेब बदलतो. शेवेच्या पाकिटाची मागची बाजू कधी वाचली आहे का? बहुतेक पाकिटांवर १०० ग्रॅममध्ये ३५ ते ४५ ग्रॅम मेद लिहिलेला असतो. मोठी मूठ म्हणजे २० ग्रॅम शेव धरली तर त्यात ८ ग्रॅम तेल आलं. म्हणजे "मी कचोरी सोडली, नुसते पोहे खातो" म्हणून वर दोनदा शेव घालून घेणारा माणूस कचोरीएवढंच तेल खाऊन घरी जातो, आणि कचोरीचा आनंद मात्र त्याला मिळत नाही.

जिलबीची गोष्ट साखरेची. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी. साधारण प्रौढ माणसाला ते ५० ग्रॅम होतात, आणि त्याच्या निम्म्यावर आणता आली तर अधिक चांगलं. चहाची साखर, बिस्किटं, सॉस यांतूनच आपण त्या आकड्याच्या जवळ पोहोचतो. पाकात बुडालेल्या जिलबीला मग जागा उरते ती एखाद्या वेढ्यापुरतीच.

हे आकडे घाबरवायला दिलेले नाहीत, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाहीत. देशभर केलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के. आपल्या गोव्याच्या मंडळींनी नोंद घ्यावी, राज्यांमध्ये सर्वांत वरचा आकडा गोव्याचा, २६.४ टक्के. पोटाचा घेर वाढलेल्यांचं प्रमाण ३९.५ टक्के निघालं. याचं खापर एकट्या नाश्त्यावर फुटत नाही. बसून राहणं, झोप, ताण, घराण्यातून आलेला वारसा, सगळंच त्यात आहे.

आठवड्याची वही

मग आम्ही दुसरा प्रयोग केला. फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि आठवडाभर घरातल्या प्रत्येकाने तळलेलं काहीही तोंडात टाकलं की रेघ मारायची असं ठरवलं. रविवारी माझ्या नावापुढे ११ रेघा होत्या. त्यातली नाक्यावरची कचोरी एकच. बाकीच्या दहा पाहा: चार वाजताच्या चहाबरोबर शेव-चिवडा चार वेळा, वरणभातावर शेव दोनदा, ऑफिसच्या बैठकीतला गार सामोसा, एका वाढदिवसाचे वेफर्स, मुलीच्या डब्यातून उरलेली पुरी, आणि टीव्ही बघताना काहीतरी. ते काय होतं तेही आठवेना!

इंदुरी घरात जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी शेवेचा डबा असतो. तो पाण्याच्या तांब्याइतकाच गृहीत धरलेला. भांडण आपण कचोरीशी मांडून बसतो, आणि आपलं खरं तेल त्या डब्यातून येतं. रविवारची कचोरी निदान आठवते तरी. तिच्यासाठी आपण उठून गेलो, रांगेत उभे राहिलो, चौघांशी बोललो. गार सामोशाने काय दिलं?

डबा आता आमच्या टेबलावरून फडताळाच्या वरच्या फळीवर गेला आहे. स्टूल घेऊन काढायला कोणी मनाई केलेली नाही, पण स्टूल आणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. पुढच्या आठवड्यात माझ्या रेघा पाचवर आल्या.

बाबांची टोळी

हा विषय आमच्याकडे नुसत्या चर्चेचा राहिला नाही, त्याला कारण माझे सासरे. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. घरी येताना मिळालेल्या कागदावर "तळलेले पूर्ण बंद" असं लिहिलं होतं, आणि बाबांनी ते अक्षरशः पाळलं. कचोरी सोडलीच, पण त्याबरोबर रविवारची टोळीही सोडली. चाळीस वर्षांपासूनचे सहा-सात मित्र. सगळे घरून चालत चौकापर्यंत जायचे, नाश्ता करायचे, आणि क्रिकेटपासून नगर निगमपर्यंत सगळ्यांचा समाचार घेऊन चालत परत यायचे. "तिथे जाऊन काय करू? नुसता बघत बसू?" असं म्हणत बाबा गच्चीवर पेपर घेऊन बसायला लागले.

दोन महिन्यांनी तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी "चालणं किती?" असं विचारलं, तेव्हा लक्षात आलं की कचोरीच्या ओढीने होणारं येऊन-जाऊन चार किलोमीटरचं चालणंही बंद झालं होतं. बोलणं कमी झालं होतं, चिडचिड वाढली होती. डॉक्टर म्हणाले, "कागदावर कचोरी बंद लिहिलंय, मित्र बंद लिहिलेलं नाही." त्याच संध्याकाळी टोळीतले एक काका घरी येऊन बसले. "अरे भिया, तू फक्त चहाला ये. तुझ्यासमोर आम्ही कचोरी खाणार नाही, पाठ करून खाऊ!"

आता बाबा जातात. बिनशेवेचे पोहे, त्यावर उसळीतली मटकी जास्त आणि तर्री नाही, लिंबू भरपूर. गाडीवाल्याला हे पाठ झालं आहे. महिन्याभरात टोळीतल्या आणखी दोघांनी शेव सोडली. बाबांचा हा बेत त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरलेला आहे. ज्यांना हृदयाचा, मधुमेहाचा त्रास आहे त्यांनी आपला आपल्या डॉक्टरांनाच विचारावा, शेजाऱ्याच्या किंवा माझ्या लेखाच्या भरवशावर राहू नये.

कढईकडेही बघा

किती खातो याइतकंच कशात तळलेलं खातो हेही महत्त्वाचं. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक साठत जातात. २०१८ च्या जुलैपासून देशात नियम आहे की तेलातलं अशा घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. अशा तेलापासून बायोडिझेल करण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्याला दुकानात यंत्र घेऊन जाता येत नाही, पण डोळे आणि नाक बरोबर असतं. तेल काळपट, दाट दिसत असेल, वर फेस येत असेल, धूर लवकर निघत असेल, तर पुढच्या गाडीवर जावं. घरीही तळणाचं उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावं. त्यातच नवं तेल ओतून कढई "अखंड" ठेवू नये.

आमच्या घरी यातून दोन-तीन साधे नियम झाले. कचोरी खायची तर रविवारी, उभं राहून, समोर तळलेली, आणि एकच. ती खाताना कॅलरीचा हिशेब काढायचा नाही. त्या दिवशी दुपारच्या जेवणात तळण नाही, भाजीला तेल बेताचं. जिलबी एक वेढा, चौघांत वाटून. जायचं आणि यायचं चालत, गाडी काढायची नाही. आणि जे खाऊन आनंदही होत नाही, ते गार, मऊ पडलेलं, कुणीतरी पुढे केलं म्हणून उचललेलं तळण सरळ नाकारायचं. लेकीने यात एका कलमाची भर घातली आहे: एखाद्याच्या ताटलीकडे बघून त्याच्या वजनावर बोलायचं नाही. हे कलम सर्वानुमते मंजूर झालं.

बाहेरगावी शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं सुट्टीत घरी आली की पहिली सकाळ पोहे-जिलबीचीच असते. ती तशीच राहावी. फक्त ती परत जाताना बॅगेत शेवेची किती पाकिटं भरायची, यावर आयांनी थोडा विचार करावा. माझ्याकडून सध्या एकच.