गावं तिथंच, दप्तर नवं

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली ४७ गावं आणि ३ शहरं गुजरातेत, सुरत जिल्ह्यात गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणू तालुक्याला जोडली आणि १९६१ मध्ये त्यांचाच वेगळा तलासरी महाल, म्हणजे छोटा तालुका, केला. १ ऑगस्ट २०१४ला डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुके ठाण्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात आले. एवढ्या उलाढालीत एक विहीर जागची हलली नाही की एक ताड सरकला नाही. बदललं ते फक्त दप्तर.

लॅपटॉपवर विंडोज टाकताना आपण पार्टिशन पाडतो, तेव्हा डिस्कवरही एवढंच घडतं. पडद्यावर सी आणि डीचे वेगवेगळे कप्पे दिसतात. पण डिस्क उघडून पाहिली, तर आत ना भिंत, ना चर, ना साधी रेघ.

डिस्कला फक्त आकडे कळतात. १ टीबीच्या नेहमीच्या हार्ड डिस्कवर ५१२ बाइटांचे १९५ कोटी ३५ लाख २५ हजार १६८ सेक्टर असतात, शून्यापासून ओळीनं क्रमांक दिलेले. इथून इथवर विंडोज, तिथून पुढे लिनक्स, ही वाटणी कुठंतरी लिहून ठेवावी लागते. जुन्या एमबीआर पद्धतीत ती लिहिलेली असते अगदी पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, शेवटचे दोन बाइट ‘हा सेक्टर खरा’ असं सांगणाऱ्या खुणेचे. मधे उरतात ६४ बाइट. या मजकुरातलं एखादं लांब वाक्यही त्यात धड मावायचं नाही, आणि अख्ख्या डिस्कची वाटणी मात्र तेवढ्यात बसते!

या ६४ बाइटांत १६-१६ बाइटांच्या चार नोंदी असतात. एका नोंदीत काय काय असतं? या भागावरून संगणक सुरू करायचा का, भाग कुठल्या प्रकारचा (विंडोजच्या एनटीएफएसला ०७, लिनक्सला ८३), तो कितव्या सेक्टरपासून सुरू होतो आणि एकूण किती सेक्टरांचा आहे. संपला उतारा.

म्हणूनच चुकून पार्टिशन डिलीट झालं की ‘डेटा उडाला’ म्हणून लगेच कपाळाला हात लावायचं कारण नसतं. पुसली जाते ती नोंद. लग्नाचे फोटो आपापल्या सेक्टरांत तसेच पडून असतात. टेस्टडिस्कसारखं मोफत सॉफ्टवेअर डिस्क चाळतं, फाइल सिस्टिमच्या खुणा हुडकतं आणि हरवलेली नोंद पुन्हा लिहून देतं. अट एकच: मधल्या काळात त्या जागेवर दुसरं काही लिहिलेलं नको. चिपवर डेटा ठेवणाऱ्या एसएसडीवर तर ‘ही जागा आता रिकामी’ असा निरोप पोचला की ती स्वतःच आतला मजकूर पुसून टाकू शकते.

चार नोंदींची ही पद्धत १९८३ची. आयबीएमच्या पीसी एक्सटीला तेव्हा १० एमबीची डिस्क असे. सेक्टरचा क्रमांक लिहायला चार बाइट ठेवले होते. त्यांत सुमारे ४२९ कोटींपर्यंतचे आकडे मावतात. ५१२ बाइटांच्या सेक्टरनं हिशोब केला, तर सुमारे २.२ टीबी. त्यापुढची जागा या दप्तराला दिसतच नाही.

नव्या जीपीटी पद्धतीत क्रमांकाला आठ बाइट आणि साधारणपणे १२८ नोंदींची सोय आहे. नोंदींच्या या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते आणि मजकूर बिघडला तर कळावं म्हणून पडताळणीचा आकडाही. गंमत म्हणजे शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये जुन्या धाटणीची एक नोंद मुद्दाम ठेवतात. अर्थ एवढाच: ‘इथली जागा भरलेली आहे.’ जीपीटी न कळणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरनं डिस्क मोकळी समजून तिच्यावर हात चालवू नये, म्हणून ही पाटी!

एसएसडीत तर आणखी नवल. चिपमधले कप्पे लिहून लिहून झिजतात, म्हणून आतला कंट्रोलर मजकूर सतत इकडून तिकडे हलवत राहतो. सी ड्राइव्हचे सलग वाटणारे सेक्टर प्रत्यक्षात चिपभर विखुरलेले असतात. इथं गावंसुद्धा जागा बदलतात. कुठलं गाव सध्या कुठं आहे, याची वेगळी वही कंट्रोलर ठेवतो आणि पार्टिशनच्या तक्त्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही.

फोटो डी ड्राइव्हवर ठेवण्याची आपली सवय चांगलीच आहे. सी फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकलं तरी डीला धक्का लागत नाही. पण सी आणि डी हे एकाच डिस्कवरच्या एकाच तक्त्यातल्या दोन नोंदी. डिस्कच बसली तर दोन्ही जातात, जीपीटीची ती शेवटची प्रतही जाते. बॅकअप म्हणायचा तो दुसऱ्या डिस्कवरच हवा, आणि तोही पार्टिशन पाडताना ‘नेक्स्ट’ दाबण्याआधी.