कुंपणाच्या आतून

आत जाण्याचा परवाना, कामाची बारीक माहिती आणि वरिष्ठांनी दिलेला अधिकार, या तीन गोष्टी हाताशी असलेला माणूसच चोरी किंवा घातपात करतो, तेव्हा सुरक्षेच्या भाषेत त्याला अंतस्थ धोका म्हणतात. ‘कुंपणच शेत खातं’ असं मराठीत पूर्वीपासून म्हटलं जातं. फितुरी हा त्याचा एक प्रकार झाला. बढती हुकल्याने चिडलेला, कर्जात बुडालेला, कुणाच्या धमकीला घाबरलेला किंवा नुसता निष्काळजी माणूसही तेवढंच नुकसान करू शकतो.

पालघर जिल्ह्याला हा विषय परका नाही. तारापूरची पहिली दोन अणुवीज संयंत्रं 1969 पासूनची, साध्या पाण्यावर चालणारी. 2005-06 मध्ये आलेली तिसरी आणि चौथी, प्रत्येकी 540 मेगावॉटची, जड पाण्यावरची आहेत. देशातलं सर्वांत बोलकं उदाहरण अशाच जड पाण्याच्या केंद्रात घडलं, कारवारजवळच्या कैगा इथे.

जड पाणी अणुभट्टीत फिरतं तेव्हा त्यात ट्रिटियम हे हायड्रोजनचं किरणोत्सारी समस्थानिक तयार होतं. ट्रिटियम मिसळलेलं पाणी दिसायला साध्या पाण्यासारखंच. म्हणून अशा केंद्रात कामगारांच्या लघवीची नियमित तपासणी होते. नोव्हेंबर 2009 मध्ये या तपासणीत पन्नासहून अधिक जणांच्या शरीरात ट्रिटियम नेहमीपेक्षा जास्त आढळलं. भट्टीत कुठेही गळती नव्हती. शोध घेता घेता बोट थांबलं ते पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरवर. कूलरला कुलूप होतं, पण जादा पाणी वाहून जाण्याची नळी उघडी होती आणि त्या वाटेने ट्रिटियमयुक्त जड पाणी आत ओतलं गेलं असावं, असा निष्कर्ष निघाला. हे आतल्याच कुणाचं काम आहे, असं अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी उघडपणे सांगितलं. बाधितांना भरपूर पाणी आणि लघवी वाढवणारी औषधं दिली गेली. ट्रिटियम सुमारे दहा दिवसांत शरीरातून निम्मं होतं. फाटकावरच्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाला यातलं काहीच दिसणं शक्य नव्हतं. घातपात पकडला तो प्रयोगशाळेतल्या रोजच्या कंटाळवाण्या बाटल्यांनी.

हिशेबात फट असेल तर उलट घडतं. रशियातल्या पोडोल्स्कच्या ‘लुच’ संस्थेत 1992 मध्ये एका कर्मचाऱ्याने सुमारे दीड किलो समृद्ध युरेनियम घरी नेलं. एकदम नाही, चिमूट चिमूट. प्रक्रियेत थोडी घट धरलेलीच असते. त्याने ती मर्यादा कधी ओलांडली नाही. किराणा दुकानात ‘सांडलवंड’ धरतात, तोच प्रकार. तो सापडला योगायोगाने: बॅटऱ्या चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याच्या ओळखीच्यांना पकडलं, तेव्हा तो त्यांच्यासोबत होता.

संगणकाच्या जगात वस्तू बाहेर न्यावीच लागत नाही. एप्रिल 2005 मध्ये पुण्यात उघडकीला आलेलं कॉल सेंटर प्रकरण याचा पहिला मोठा धडा. तिथे आत-बाहेर जाताना झडती होई, आकडे लिहून नेण्याची सोय नव्हती. कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांना गोड बोलून पिन काढून घेतले आणि डोक्यात ठेवून बाहेर नेले. चार ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर गेले. झडती खिशाची होते, डोक्याची नाही.

मुंबईतल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेचं प्रकरण त्याहून मोठं. तिथे परदेशी बँकांना हमी कळवणारी स्विफ्ट यंत्रणा आणि शाखेची मूळ हिशेब यंत्रणा जोडलेल्या नव्हत्या. हमीचे संदेश जात, पण वहीत नोंद नसे. एकाने संदेश भरायचा, दुसऱ्याने तपासायचा, हा नियम कागदावरच राहिला आणि बदलीचा नियम बाजूला ठेवून एक उपव्यवस्थापक सुमारे सात वर्षं त्याच टेबलावर होता, असं तपासात पुढे आलं. तो 2017 मध्ये निवृत्त झाला. जानेवारी 2018 मध्ये नव्या अधिकाऱ्याने हमी मागणाऱ्या कंपन्यांकडे पूर्ण रकमेचं तारण मागितलं. ‘आधी कधी लागलं नाही,’ असं उत्तर आलं. जुन्या हमींच्या नोंदी शोधल्या, तर त्या नव्हत्याच. भानगडीचा आकडा पुढे तेरा हजार कोटींवर गेला.

अणुकेंद्र आणि संगणक हे दोन्ही धागे एकत्र येतात ते पेनड्राइव्हपाशी. 2019 मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यात घातक सॉफ्टवेअर शिरल्याचं मान्य झालं; भट्टीचं नियंत्रण वेगळ्या जाळ्यावर असल्याने ते सुरक्षित राहिलं. मात्र अशा तुटक जाळ्यांत माणूसच पूल होतो. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रात 2010 च्या सुमारास स्टक्सनेट हे घातक सॉफ्टवेअर असंच कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आत पोचलं, असं मानलं जातं.

उपाय नाट्यमय नाहीत. संवेदनशील ठिकाणी दोघांनी मिळूनच काम करायचं, जेवढं काम तेवढाच प्रवेश, नोकरी सुटली त्याच दिवशी पासवर्ड बंद. सुटलेला माणूस बाहेरूनही घात करू शकतो: ऑस्ट्रेलियातल्या मरूची इथे 2000 मध्ये कंत्राटदाराच्या एका माजी कर्मचाऱ्याने रेडिओच्या साहाय्याने पंप बिघडवून आठ लाख लिटर सांडपाणी उघड्यावर सोडलं होतं. पार्श्वभूमीची चौकशीही नेमणुकीच्या वेळी एकदाच करून भागत नाही. माणसाची परिस्थिती पुढे बदलते.

चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावरच्या गोदामांत यातलं अर्धं शास्त्र आधीच आहे. ट्रकच्या सीलचा नंबर एक जण चलनावर लिहितो, उतरवताना दुसरा ताडून पाहतो. मात्र गाळ्याच्या ऑफिसात टॅली, जीएसटी, नेटबँकिंग आणि ओटीपीचा मोबाइल बहुधा एकाच जुन्या, विश्वासू माणसाकडे असतो, आणि तो कधी रजा घेत नाही याचं मालकाला कौतुक असतं. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये बँकांतल्या संवेदनशील पदांवरच्या लोकांना वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायला सांगितलं आहे. कामणच्या मालकांनीही असं करायला हरकत नाही; रजा भरपगारी द्यावी, आणि त्या दिवसांत वही दुसऱ्याने उघडावी.