भुतांच्या नावांत राहिलेली बाकी

मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधीच मुलगा वारला, तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, हे महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. 2024 च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने ते देशभर पोचवलं. मात्र अविवाहित वारलेला मुलगा क्षत्रियाचा असेल तर तो मुंजा होत नाही, वीर होतो. शेतकरी घरातला असेल तर चेडा. निपुत्रिक आणि पैशाचा लोभी ब्राह्मण मेला की समंध, आणि लग्न झालेला शूद्र मेला की देवचार. ही वर्गवारी नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून जमवलेल्या माहितीत आहे. जॅक्सन यांची 1909 मध्ये नाशिकला हत्या झाली. त्यांच्या मागे राहिलेल्या टिपणांवरून आर. ई. एन्थोवेन यांनी सिद्ध केलेला कोकणचा खंड 1915 साली निघाला. ती यादी वाचताना जाणवतं की भूत दिसतं कसं याला तिच्यात फारसं महत्त्व नाही. मेलेला कोणत्या जातीचा, त्याचं लग्न झालं होतं का, मागे मूलबाळ होतं का, यावर नाव ठरतं. म्हणून मला वाटतं, मराठीतली भुतांची बरीचशी नावं ही आधी हिशेबाची नावं आहेत. ज्यांचं काही देणं राहून गेलं, त्यांची ही खातेवही आहे.

बायकांच्या नावांत हे फार उघडं होतं. त्या नोंदींप्रमाणे जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेली, लावसट म्हणजे विधवा, आणि हडळ म्हणजे बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत किंवा विटाळशी असताना गेलेली. पुरुषाची जात विचारणारी ही भाषा बाईला फक्त नवरा आणि बाळंतपण विचारते. यांतलं हडळीचं नाव सगळ्यात धास्तीचं, आणि त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. सोयराचे ते दहा दिवस आणि सुवारोगाचे दिवस एकच. अंधाऱ्या खोलीतली बाज, न उकळलेलं हत्यार, न धुतलेले हात. बाळ सुखरूप जन्माला यायचं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला ताप भरायचा. ती गेली की तिरडीच्या वाटेवर राळ्याचे दाणे टाकत जायचे. सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला घर गाठता येणार नाही, अशी समजूत. राळा हे किती बारीक धान्य आहे ते ज्याने पाहिलं असेल त्याला या उपायातली घबराट कळेल. ते दाणे टाकणारे तिच्याच घरचे लोक होते. तान्हं मूल मागे ठेवून गेलेली आई परत येऊ पाहणारच, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

यावर कोणी म्हणेल, भीती तर माणसाच्या हाडीमाशी भिनलेली; अंधार, पाणी, रान यांची ती असते, समाजाचा संबंध कुठे आला? आक्षेप अर्धा खरा आहे. रानात वाट चुकवणारा चकवा कोणा मेलेल्याचा नसतो. पण बाहेरच्या भयाला मराठी माणूस कसा बोलावतो ते पाहा. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, ‘लांबडं’ म्हणायचं. वाघाला वाघोबा, आणि अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’. इथे भाषा नमते, मान देते, नाव टाळते. भुतांच्या बाबतीत मात्र ती वर्गवारी करते, सरकारी दप्तरासारखी. या दोन वागण्यांतला फरकच सांगतो की दुसऱ्या प्रकारची भीती माणसामाणसांतल्या नात्यांतून आली आहे. अर्थ गावागणिक बदलतात, एकाची हडळ ती दुसऱ्याची जखीण, हेही खरं. तरी लग्न, मूल, क्रियाकर्म ही मोजमापं बहुतेक ठिकाणी टिकून राहतात.

वेतोबाचं आणि देवचाराचं काय, हा प्रश्न अधिक अवघड. भुतांचा राजा वेताळ वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत श्री देव वेतोबा आहे. त्याला केळीचे घड वाहतात आणि माणसाच्या पायाला कधी बसणार नाहीत एवढ्या मोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावाच्या शिवेवर फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. गोव्यात देवचार बऱ्याच गावांचा राखणदार आहे. म्हणजे ज्याला भ्यायचं तोच सांभाळणारा. मला यात माझ्या म्हणण्याला बाध दिसत नाही, उलट आधार दिसतो. ज्याचा वाटा ठरला, ज्याला वर्षाचं काही मिळू लागलं, तो घाबरवायचा थांबला आणि राखायला लागला. हडळीला असा वाटा कुठेही सहजासहजी मिळालेला दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सगळ्यात गंभीर आक्षेप अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांचा असू शकतो: हे शब्द जपायचे कशाला? सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. या आक्षेपापुढे मी शब्दांची बाजू आंधळेपणाने घेणार नाही. डाकीण हा शब्द जिवंत बाईला चिकटवला जातो. तो उच्चारणारा कोणाचं देणं कबूल करत नसतो, बहुधा जमीन किंवा सूड मागत असतो. त्याची जागा पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत आहे. हडळ, लावसट, चेडा यांचं तसं नाही. हे शब्द वापरातून जात आहेत, जाऊ देत. पण शब्दकोशात त्यांच्यापुढे नुसतं ‘एक पिशाच्च’ एवढंच छापलं जाऊ नये. हडळीपुढे बाळंतपणाचे दहा दिवस लिहिलेले हवेत, लावसटीपुढे वैधव्य, आणि चेड्यापुढे त्याची जात.