विटाळाचा हिशेब

‘विटाळ’ हा शब्द आपल्या वाट्याला दोनदा आला. एक जातीचा विटाळ, दुसरा बाईच्या पाळीचा. पहिल्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सत्याग्रह केला. दुसरा मात्र आपल्या घरांत शाबूत आहे. ‘कावळा शिवला’ म्हणून सुनेला बुद्धवंदनेला बसू न देणारी घरे मी नांदेड-लातूरकडे पाहिली आहेत. ज्यांनी एक विटाळ नाकारला त्यांनी दुसरा जपावा, ही विसंगती आहे. सोयराबाईने चौदाव्या शतकातच अभंगांतून विटाळाच्या कल्पनेला आव्हान दिले होते.

शरीरात घडते ते असे. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीपर्यंत एक चक्र. प्रौढ स्त्रीत ते साधारण २१ ते ३५ दिवसांचे. नुकत्याच वयात आलेल्या मुलीत ते काही काळ अनियमित असू शकते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे बीजकोशात बीज पक्व होते. त्याच काळात गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होते. पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी बीज बाहेर पडते. गर्भ राहिला नाही की संप्रेरके उतरतात आणि अस्तर रक्तासह गळून पडते. गर्भाला पोसण्यासाठी तयार झालेले हे अस्तर. त्यात अपवित्र ते काय?

या अज्ञानाची किंमत कष्टकरी बाई मोजते. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. फडावर संडास नाही, पुरेसे पाणी नाही. जंतुसंसर्ग होतो, अंगावर पांढरे जाते, पोट दुखते. हे बहुधा औषधाने बरे होणारे दुखणे. पण ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर ऐन उमेदीत हाडे ठिसूळ होऊ लागतात.

कपडा वापरणे वाईट नाही. तो साबणाने धुऊन उघड्या उन्हात वाळवायला हवा. तो कोपऱ्यात लपवून वाळवायला लावते ती लाज. आणि धुवायला पाणी हवे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा या पाण्याचा हिशेब कोणी मांडला?

रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, तास-दोन तासांत घडी भिजू लागली, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसले, तर दवाखाना गाठावा. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करू नये. कार्यकर्त्यांनी हे वस्तीत, तांड्यावर, ऊसतोडीला टोळ्या निघण्यापूर्वी सांगावे. शिक्षकांनी वर्गात मुलांना बाहेर न काढता शिकवावे. फडावर पाणी, संडास आणि पाळीच्या दिवसांत दंडाशिवाय विश्रांती, ही मागणी समतेच्या लढ्याचीच मागणी आहे.