आतडी चिकटली, म्हणजे नेमकं काय झालं?

सिझर, अपेंडिक्स किंवा गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर काही वर्षांनी पोटात कळा येऊ लागल्या की घरात एक निदान तयार असतं: डॉक्टरांनी आत काहीतरी बिघडवून ठेवलं. बहुतेकदा तसं नसतं. पोटाच्या आतलं नाजूक अस्तर दुखावलं की ते भरून येताना, पहिल्या आठवड्यातच, आतडी आणि पोटाची भिंत यांच्यात तंतूंचे पट्टे तयार होतात. पोट उघडून ऑपरेशन झालेल्या बहुतांश लोकांत ते असतात आणि बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हे प्रमाण घटतं, शून्य होत नाही.

‘सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे दुखणं मनाचंच’ हा समज मला जास्त क्रूर वाटतो. हे पट्टे सोनोग्राफीत काय किंवा सीटी स्कॅनमध्ये काय, सहसा दिसतच नाहीत. रिपोर्ट हातात धरून सुनेला ‘नाटकं’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

मग पट्टे कापून टाकले की सुटका? नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सगळ्यांच्या पोटात दुर्बीण घातली, पण निम्म्यांचेच पट्टे सोडवले. कोणाचे, ते रुग्णांना सांगितलं नाही. वर्षभरानं दोन्ही गटांत दुखणं कमी झालं होतं आणि त्यांच्यात म्हणण्याजोगा फरक नव्हता. शिवाय कापलेल्या जागी नवे पट्टे धरतात, आतड्याला इजा होण्याचा धोका वेगळाच. म्हणून केवळ दुखण्यासाठी चांगला सर्जन सहसा घाईनं चाकू उचलत नाही.

दुखणं कधी कधी पोटाच्या भिंतीतल्या दबलेल्या नसेचंही असतं. उताणं झोपून दुखऱ्या जागी बोट दाबायचं आणि डोकं-खांदे उचलायचे. कळ वाढली तर डॉक्टर तिकडे संशय घेतात. बधिर करणाऱ्या एका इंजेक्शननंही तिथं आराम पडू शकतो.

थांबायचं नाही असा प्रसंग एकच: मुरडा येऊन येऊन कळा, उलट्या, फुगलेलं पोट आणि वारासुद्धा सरत नाही. आतडं अडकल्याची ही लक्षणं. अशा वेळी ‘पोट साफ झालं की बरं वाटेल’ म्हणून एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. पोट पुन्हा उघडायची वेळ आलीच तर आत काय झालेलं आहे, हे सर्जनला आधी कळायला हवं.