दिवे दोन की एकच?

कलाशाखेच्या बाईने आकाशावर काय लिहायचं, असं आमच्या ह्यांनी विचारलंच. पण मैत्रिणींनो, विषय जोडीचा आहे, आणि तो मला भारी आवडलाय.

मोठ्या दीर्घिकांच्या मधोमध बहुधा प्रचंड कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती वायू ओढला गेला, की आत पडण्याआधी तो तापून असा झळाळतो, की अख्खी दीर्घिका फिकी पडावी. हा क्वेसार. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या, की दोन कृष्णविवरं एका घरात येतात. दोन्ही पेटली, की झाली जोडी! विश्वाच्या लहानपणी अशा जोड्या बऱ्याच असाव्यात, पण सापडल्यात अगदी थोड्या.

कारण इतक्या दुरून दोन दिवे एकच दिसतात. आणि उलटंही होतं बरं का! १९७९ मध्ये सप्तर्षींच्या भागात शेजारीशेजारी दोन क्वेसार दिसले, अगदी हुबेहूब. चौकशीत कळलं, क्वेसार एकच. वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याचा प्रकाश वाकून दोन वाटांनी येत होता.

मग खरी जोडी ओळखायची कशी? गाया दुर्बिणीची युक्ती बघा. लांबच्या वस्तीवरचे दोन कंदील आपल्याला एकच ठिपका दिसतात. पण कधी ह्याची वात मोठी झाली, कधी त्याची, की ठिपका किंचित इकडेतिकडे सरकतो. क्वेसारचंही तेज कमीजास्त होतं. असाच एक डुगडुगणारा ठिपका हबल आणि इतर दुर्बिणींनी तपासला आणि २०२३ मध्ये जाहीर झालं, की हे खरोखरच दोन आहेत, विश्व ३०० कोटी वर्षांचं असतानाचे.

२०२४ मध्ये तर जपानच्या सुबारू दुर्बिणीची छायाचित्रं चाळताना योशिकी मात्सुओका यांना दोन लालसर ठिपके शेजारी दिसले. तांदूळ निवडताना खडा दिसावा तसे, ध्यानीमनी नसताना! ही जोडी विश्व अवघं ९० कोटी वर्षांचं असतानाची. एवढ्या कोवळ्या वयात कृष्णविवरं इतकी जड कशी झाली, हे कोडं सुटलेलं नाही. एकमेकांत मिसळून वाढली असतील, तर पुरावा ह्या जोड्यांतच मिळणार.

बचत गटात हे सांगितलं, तर एकीने विचारलं, “ताई, ती दोघं आता एक झाली असतील का?” बहुधा झाली असतील. आपल्याकडे पोहोचलेला प्रकाश जवळजवळ १३०० कोटी वर्षांपूर्वी निघालाय!

अशा जोड्या एकमेकींभोवती फिरत जवळ येताना गुरुत्वलहरी उठतात. त्यांची चाहूल लागल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, त्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या महादुर्बिणीचाही वाटा होता. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. पोरींना घेऊन जाऊन या.